दिवा आधी, ब्रेक नंतर

१

ब्रेकलाईटचा नियम साधा आहे. पाय पेडलवर पडला की आधी दिवा लागायचा, मग ब्रेक धरायचा. मागून येणाऱ्याला तेवढीच क्षणभराची सवड. पेडलला एक बारीक स्प्रिंग असते, तिचं दुसरं टोक स्विचच्या दांडीत अडकवलेलं असतं. पेडल खाली गेलं की दांडी ओढली जाते, आत दोन पितळी टिकल्या एकमेकींना भिडतात आणि मागं लाल उजेड पडतो. स्विच नटावर बसवलेला असतो. नट वर घेतला तर दिवा लवकर लागतो, खाली घेतला तर उशिरा. पेडल बोटभर खाली जाईपर्यंत दिवा लागला पाहिजे, एवढं ज्याला जमलं त्याला हे काम आलं.

पण आमच्या पारोळ्यात हे काम कोणाला हवंच नव्हतं. मी सांगतोय ती गोष्ट एकोणनव्वद सालची. गाड्या शेतातून यायच्या, चिखलानं स्विच अडकायचा, दिवा रात्रभर पेटून राहायचा आणि सकाळी बॅटरी बसलेली. मग गिऱ्हाईक माझ्या नावानं बोटं मोडायचं. त्यावर आम्हा मिस्त्री लोकांचा एकच उपाय होता. स्विचची वायर काढायची, टोकाला टेप गुंडाळायची आणि सीटखाली सारून द्यायची. थांबायचं असेल तर हात दाखवायचा. हिलाल म्हणून एक गिऱ्हाईक होता, तो तर मला कामच करू द्यायचा नाही.

"गिरधर भो, ते मांगलं काय दखानं शे? मांगे कोन ऱ्हास? धूळ ऱ्हास!"

मागं बघायला धूळच तर असते, म्हणून मीही हसायचो. अर्ध्या तालुक्याच्या गाड्या मी अशा मागून आंधळ्या करून ठेवल्या होत्या. माझ्या स्वतःच्या गाडीपासून सुरुवात केली होती.

फक्त एका गाडीला मी तसं केलं नाही. माझी धाकटी बहीण लिला पारोळ्यातच दिलेली. तिचे यजमान आधार गुरुजी, धुळ्याच्या वाटेवर एका गावात शिक्षक. रोज तीस किलोमीटर जाणं, तीस येणं. त्यांनी धुळ्याच्या देवपुरातल्या एका प्राध्यापकांकडून जुनी मोटारसायकल घेतली, तेव्हा लिला स्वतः गाडीबरोबर दुकानात आली.

"भाऊ, दुसरं काहीबी राहू दे, पन मांगला दिवा चालू जोयजे. यास्ले डावा कानवरी ऐकू येत नही. ट्रकवाला भोंगा वाजाडी तरी यास्ना ध्यानमा येत नही."

गुरुजी ओशाळून हसले. मी म्हटलं, बाई, तुझा दिवा मी असा लावून देतो की धुळ्याहून दिसेल. तिच्या कडेवर वर्षाची पोर होती. तिनं माझ्या नाकाला ग्रीसचा हात लावला आणि आम्ही सगळे हसलो.

गाडी स्टँडवर घेतली. स्प्रिंग बदलली, स्विच साफ केला, नट बसवला. मग स्टुलावर बसून, मान मागे वळवून, दिव्याकडं बघत मी पेडल दाबायला पाय उचलला.

दिवा लागला. माझा पाय अजून हवेत होता.

२

अशा वेळी माणूस आधी स्वतःचीच चूक शोधतो, आणि शोधावीच. स्विच वर चढलाय, म्हणून नुसत्या हादऱ्यानं लागतो, असं मी स्वतःला सांगितलं. नट दोन आटे खाली घेतला. पुन्हा दाबून बघितलं, बरोबर वाटलं. गुरुजी गाडी घेऊन गेले.

पुढच्या रविवारी ते परत आले. त्यांच्या शाळेतले जीवराम सर रोज मागून लुनावर येतात, त्यांचं काहीतरी म्हणणं होतं.

"भाऊ, जीवराम सर म्हणतात, तुमचा दिवा फारच आधी लागतो. काल बाभळीपाशी लागला. मी ब्रेक मारला तो पार मोरीपाशी. एक म्हैस आडवी आली म्हणून."

"बाभळीपाशी पाय पेडलवर असेल तुमचा."

"नव्हता हो. आणि म्हैस तर तेव्हा नाल्यात होती. मलाच दिसली नव्हती."

मी हसलो, कारण गुरुजी हसत होते. ते गेल्यावर मी नवा स्विच घातला. वायर पेडलपासून दिव्यापर्यंत बोटानं चाचपली, कुठं सोललेली नव्हती. बल्बचा होल्डर घासला. मग स्टुलावर बसलो. दुकान लांबट, पत्र्याचं. दुपारीसुद्धा मागच्या बाजूला अंधार असायचा. तिथल्या चुन्याच्या भिंतीवर दिवा लागला की लाल डाग पडायचा.

ब्रेक दाबावा असं माझ्या मनात आलं, आणि भिंतीवर डाग पडला. मी पाय न हलवता मोजत बसलो. दहा मोजले आणि दाबला. सोडल्यावर डाग गेला. पुन्हा तसंच झालं. तिसऱ्या वेळी तर मी दुसऱ्याच विचारात होतो, हवापाण्याच्या, आणि डाग पडला.

आधी कळस मग पाया, असं आपण चेष्टेनं म्हणतो. दुकानात एकटं असताना ते चेष्टेचं वाटत नाही.

३

मी स्विचची वायर काढली. टोक माझ्या हातात होतं, उघडं, कशालाच न चिकटलेलं. डाग भिंतीवर तसाच राहिला.

बरं, म्हटलं. मी नाहीच दाबत. बघू कसा खरा होतोस.

स्टूल उचलून मी उंबऱ्यापाशी नेलं आणि गाडीपासून सात-आठ हात दूर बसलो. दुकानात मी चप्पल घालत नाही, वडिलांची शिकवण. उघडे पाय मांडीखाली घेऊन बसलो, म्हणजे चुकूनसुद्धा काही व्हायला नको. समोर रस्त्यानं कापसाच्या बैलगाड्या चालल्या होत्या. मी घड्याळ बघत होतो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मला बरं वाटायला लागलं. मनात म्हटलं, बिघाड आहे, साधा बिघाड. कुठंतरी दुसरीकडून करंट येतोय, सापडेल.

अठराव्या मिनिटाला लिला पोरीला घेऊन आली.

"भाऊ, दिवा काबरं चालू शे? बॅटरी बसी जाई ना."

तिनं पोरीला खाली ठेवलं आणि डबा उघडायला वळली. पोर रांगत सरळ गाडीकडं गेली, स्टँडला धरून उभी राहिली आणि हँडलला लोंबकळणारा फडका ओढला. गाडी कलली. मी कसा उडी मारून पोचलो मला माहीत नाही. एका हातानं पोर ओढली, दुसऱ्यानं हँडल धरलं, आणि तोल सावरायला जिथं पाय पडायचा तिथंच पडला.

पेडलवर. सगळं वजन टाकून.

पाय काढला तेव्हा भिंतीवरचा डाग गेला. लिला पोरीला पोटाशी धरून रडत होती आणि मी घड्याळाकडं बघत होतो. वीस मिनिटं झाली होती.

"गाडी राहू दे दुकानात," मी म्हटलं. "काम आहे अजून."

४

तो आठवडा गुरुजी बसनं गेले. मी देवपूरला जाऊन प्राध्यापकांना भेटून आलो. गाडी कोणाला धडकली होती का, गाडीवर कोणाचं काही झालं होतं का, असं आडून आडून विचारलं. ते म्हणाले, मिस्त्री, पाच वर्षांत साधा ओरखडा नाही, मी तिला पुसून ठेवायचो. खरंच सांगतो, त्या गाडीवर कोणी मेलं असतं तर मला बरं वाटलं असतं. निदान त्याचं काहीतरी करता आलं असतं.

बुधवारी दुकान बंद करताना मी पेडलला काळ्या ग्रीसचा पातळ हात दिला. कोणी येतं का, उंदीर-मांजर बसतं का, कळेल म्हणून. गुरुवारी सकाळी कुलूप उघडलं आणि आधी तिकडंच गेलो.

ग्रीसमध्ये ठसा होता. अनवाणी पायाचा, पुढचा भाग आणि बोटं. अंगठ्यापेक्षा शेजारचं बोट लांब.

मी आपला पाय बघितला. माझंही तसंच आहे. मग मला हसू आलं, मोठ्यानं हसलो. अरे, माझाच असणार, दुसऱ्या कोणाचा? ग्रीस लावून उठताना पडला असेल. पायाला ग्रीस लागलेलं दिसत नव्हतं, पण रात्री आंघोळीत गेलं असेल. माझाच, असं मी दिवसभर म्हणत राहिलो.

दुपारी वीज गेली. भिंतीवर डाग पडला.

त्याआधीच मी बॅटरी काढून फळीवर ठेवली होती.

या खेपेला मी दूर गेलो नाही. गुडघ्यावर बसलो आणि पेडलकडं बघितलं, इतके दिवस मी फक्त दिव्याकडं बघत होतो. पेडल खाली गेलेलं होतं, पुरतं दाबलेलं. वर काही नव्हतं. मी बोट खाली घालून ते उचलायला गेलो. उचललं जाईना. अडकलेलं पेडल कसं लागतं ते मला कळतं, ते दगडासारखं असतं. हे तसं नव्हतं. हे थरथरत होतं. उतारावर ब्रेक धरून थांबलेल्या माणसाचा पाय थरथरतो ना, तसं, अगदी बारीक. माझ्या बोटाला ते कळत होतं.

मी बोट काढलं नाही. का, ते सांगता येणार नाही. भीतीनं हात आखडून गेला असेल. खूप वेळानं पेडल आपोआप वर आलं आणि दुकानात अंधार झाला.

त्या दिवशी मी दुकान लगेच बंद केलं. पेडलला कोणीही पाय लावला नाही, ना मी, ना दुसऱ्यानं. रात्रभर तेच डोक्यात घुमत होतं. दिवा तर लागून गेला. म्हणजे त्याच्यामागचा ब्रेक अजून व्हायचा होता.

५

शुक्रवारी संध्याकाळी गुरुजी आले.

"भाऊ, आता गाडी द्या. उद्या शनिवार, सकाळची शाळा. सातच्या आत पोचवणारी बसच नाही. हेडमास्तर आधीच दोनदा बोललेत."

मी म्हटलं, माझी घेऊन जा. ते म्हणाले, तुमची जड पडते मला, आणि तुमच्या गाडीला मागचा दिवा कुठाय? लिला रागावेल. गाडीत काय आहे ते सांगितलं असतं तर शिकलेल्या माणसानं मला वेड्यात काढलं असतं. आणि खरं सांगायचं तर माझं मलाच ऐकून घ्यायचं नव्हतं.

मग मी एक अक्कल चालवली. दिवाच नसेल तर त्याच्या मागचं कसं होईल? कळसच काढून टाकला तर? रात्रभर विचार करून करून माणसाचं डोकं असंच चालतं. गुरुजी पाणी प्यायला वळले तेवढ्यात मी मागची लाल काच उघडली, बल्ब काढला आणि सदऱ्याच्या वरच्या खिशात टाकला.

"बल्ब गेलाय गुरुजी. उद्याचा दिवस हात दाखवून भागवा. सोमवारी नवा लावतो. आणि लिलाला बोलू नका."

"नाही बोलत," ते हसून म्हणाले.

शनिवारी माझं कामात लक्ष नव्हतं. शाळा अकराला सुटते. अकरा वाजून दहा मिनिटांनी माझी बायको पुष्पा डबा घेऊन आली आणि दारातच थबकली.

"आवो, तुमना खिसामा काय पेटी ऱ्हायनं?"

मी खाली बघितलं. सदऱ्याच्या कापडातून उजेड येत होता. छातीला ऊब लागत होती, ती मला मघापासून लागत होती, पण मी उन्हाची समजत होतो. बल्ब बाहेर काढला. काचेत तार लख्ख पेटलेली होती, तळहातावर, कशालाच न जोडलेली.

पुष्पाच्या हातून डबा पडला. ती काहीतरी विचारत होती. मला फक्त गुरुजी दिसत होते, डाव्या कानानं बहिरे, मागून आंधळ्या गाडीवर, आणि ती गाडी आंधळी मी केलेली. लिलाचं तोंड दिसत होतं. मी बल्ब परत खिशात टाकला आणि चप्पल न घालताच माझ्या गाडीला किक मारली.

६

गावाबाहेर पडलो. रस्ता तेव्हा एकपदरीच होता, दोन्हीकडं लिंबाची झाडं, पांढरी पडलेली कापसाची शेतं. मागच्या वेळी वीस मिनिटं मिळाली होती. आता किती, माहीत नव्हतं. मी सारखा छातीकडं बघत होतो. बल्ब पेटलेला होता. जोवर पेटलाय तोवर वेळ आहे, एवढाच हिशेब मी धरला होता.

वाटेत केळीचा एक ट्रक लागला, रावेरकडून आलेला, केळीच्या घडांवर हिरवी पानं झाकलेली. त्याच्या मागं दोन मिनिटं अडकलो तर जीव जायची वेळ आली. मग बाजूनं घेतला. ड्रायव्हरनं शिवी हासडली. समोरून येणारी प्रत्येक मोटारसायकल मी डोळे फाडून बघत होतो. गुरुजी नव्हते. मुकटी गाव जवळ आलं तरी नव्हते. रस्त्यात कुठं गर्दी दिसते का, कोणी आडवं पडलंय का, तेही बघत होतो.

पुढं उतार होता. उतार संपतो तिथं एका लिंबाखाली मोटारसायकल उभी दिसली, स्टँडवर, नीट. शेजारी चौथऱ्यावर गुरुजी बसले होते. त्यांच्या हातात पेरू होता. एक शेतकरी आजोबा त्यांना काहीतरी सांगत होते आणि ते मान डोलावत होते. त्यांनी मला ओळखलं, आनंदानं हात वर केला.

"भाऊ! इकडं कुठं?"

असा आनंद मला कधी झाला नव्हता. लग्नात नाही, पोरं झाली तेव्हा नाही. हा माणूस बसून पेरू खातोय. दिवा खोटा ठरला. मी हसलो, मोठ्यानं हसलो, आणि ब्रेकवर पाय दिला, सगळं वजन टाकून, तिथंच, रस्त्याच्या मधोमध. हात दाखवायचं राहून गेलं.

पाय पेडलवर टेकला तेव्हा दोन गोष्टी एकदम माझ्या ध्यानात आल्या. बल्ब गुरुजींपाशी नव्हता, माझ्यापाशी होता. आणि माझ्या सीटखाली टेपमध्ये गुंडाळलेलं वायरचं एक टोक होतं, ते मीच तिथं सारून ठेवलं होतं.

मागं उतारावरून भोंगा वाजला. गुरुजींनी तो ऐकला नसावा, ते अजून हसत होते.

खिशातली ऊब गेली.

७

धुळ्याच्या दवाखान्यात मला शुद्ध आली तेव्हा लिला पायाशी बसली होती. पायाशी म्हणजे, एका पायाशी. ब्रेकचा पाय गुडघ्याखाली नव्हता.

ड्रायव्हर बिचारा दोनदा भेटायला आला. केळीचा एक घड ठेवून रडत उभा राहिला. "भाऊ, तुमचा दिवा लागलाच नाही हो. दिवा लागला असता तर मी थांबवली असती." मी म्हटलं, नाही लागला, तुझी चूक नाही. दुसऱ्या कोणाला मी आजवर काही सांगितलं नाही. गुरुजींनी गाडी चाळीसगावच्या कोणाला तरी विकली, ते आता बसनंच जातात. लिलाची पोर शाळेत जायला लागली. दुकान मी चालवतो, स्टुलावर बसून. ब्रेकलाईटची वायर काढून मागणाऱ्याला मी हाकलून देतो. हिलाल म्हणतो, मिस्त्री तापट झाला.

पाय अजून आहे असं वाटतं. डॉक्टर म्हणाले, सगळ्यांनाच वाटतं, जाईल हळूहळू. मी मान डोलावली. पण माझा पाय नुसता असत नाही. त्याच्याखाली काहीतरी असतं, बारीक, लोखंडी, चौकोनी. पहिल्यांदा तो हलकेच टेकायचा आणि लगेच उचलायचा. आता टेकला की दबत जातो आणि सुटत नाही. दुपारी बहुतेक. मी स्टुलावर घामाघूम होऊन बसतो, दात आवळून, मांडी दोन्ही हातांनी दाबून धरतो. पाय थरथरायला लागतो.

पूर्वी मी तो उचलायचा प्रयत्न करायचो. आता करत नाही. आता मी अंगात असेल तेवढा जोर लावून दाबून धरतो, जास्तीत जास्त वेळ, कारण मला वाटतं की तिकडं कोणीतरी बघत असेल आणि एवढं बघून तरी त्याला समजेल.

आज दुपारी वीज गेली होती. पाय दाबून मी बराच वेळ बसलो होतो. आणि तळव्याखाली, नसलेल्या तळव्याखाली, मला एक बोट लागलं. ग्रीसचं, बुळबुळीत, माझ्या ओळखीचं. ते वर ढकलत होतं. मी आणखी दाबलं. ओरडलोसुद्धा असेन, कारण पुष्पा आतून धावत आली.

बोट बराच वेळ तिथंच होतं. त्याला थरथर कळत होती, हे मला कळत होतं. मग माझा पाय थकला आणि सुटला.

आता तो, त्या गुरुवारचा गिरधर, दुकान बंद करील. रात्रभर विचार करील. आणि उद्या संध्याकाळी गुरुजी पाणी प्यायला वळले, की बल्ब काढून सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवील.